फावल्या वेळेतला प्रोग्रॅम कंपनीचा कसा?

सॉफ्टवेअर कंपनीत रुजू होताना नव्या कर्मचाऱ्याकडून ज्या कागदपत्रांवर सह्या घेतल्या जातात, त्यांत भविष्य निर्वाह निधीचा अर्ज, विम्यासाठी कुटुंबाची माहिती आणि गोपनीयतेचा करार यांच्या गर्दीत एक कलम बहुतेक ठिकाणी आढळते. कंपनीगणिक शब्द थोडे बदलतात, आशय बदलत नाही. नोकरीच्या काळात कर्मचाऱ्याने तयार केलेला कोणताही प्रोग्रॅम, आराखडा, लेखन, कल्पना किंवा शोध, मग तो कामाच्या वेळेत केलेला असो वा नसो, कंपनीची साधने वापरून केलेला असो वा नसो, कंपनीच्या मालकीचा राहील, असे ते कलम सांगते. हल्ली सही कागदावर होतही नाही. फोनवर एक दुवा येतो, पानेच्या पाने बोटाने वर सरकवायची आणि तळाशी असलेले ‘मान्य आहे’ हे बटण दाबायचे. पहिल्या पगाराची वाट पाहणारा बावीस वर्षांचा मुलगा ते बटण दाबण्यापूर्वी वकिलाला विचारायला जाईल, अशी अपेक्षा कोणीच करत नाही; करार तयार करणारेही करत नाहीत.

हे कलम कर्मचाऱ्यावर अन्याय करणारे आहेच. पण माझा आक्षेप त्याहून व्यापक आहे. या कलमातून कंपनीच्या पदरात सहसा काही पडत नाही आणि सोलापूरसारख्या गावाचे मात्र नुकसान होते. म्हणून कर्मचाऱ्याने स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या साधनांवर आणि कंपनीच्या व्यवसायाशी संबंध नसलेल्या विषयात केलेले काम त्याचेच राहील आणि याच्या विरुद्ध असलेली करारातील अट रद्दबातल ठरेल, अशी तरतूद कायद्यात स्पष्ट शब्दांत असायला हवी.

सोलापूरचे नाव अशासाठी घेतो की येथे या प्रश्नाचे रूप महानगरांपेक्षा वेगळे आहे. येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, पण शिकून बाहेर पडलेल्या मुलांना सामावून घेतील एवढ्या सॉफ्टवेअर कंपन्या नाहीत. त्यामुळे मुले पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला जातात. २०२० च्या टाळेबंदीत त्यांतली बरीच लॅपटॉप घेऊन घरी परतली आणि काहींनी घरून काम करण्याची सवलत मिळवून येथेच मुक्काम केला. जुळे सोलापुरात किंवा विजापूर रोडला घराच्या वरच्या मजल्यावरची एक खोली हेच त्यांचे ऑफिस. ग्राहक परदेशातला असेल तर दिवस दुपारी सुरू होतो आणि रात्री नऊ-साडेनऊपर्यंत मिटिंगा चालतात. त्यानंतर जेवण आटोपून, एप्रिल-मेमध्ये तर भिंतींतली धग थोडी कमी झाल्यावर, यांतली काही मंडळी पुन्हा संगणकापुढे बसतात, ती मात्र स्वतःच्या कामासाठी. कोणी घरच्या हौदात तरंगता खटका बसवून पाणी आल्याची सूचना मोबाइलवर पाठवणारे यंत्र जुळवते, कारण चार-पाच दिवसांनी येणाऱ्या पाण्याची वेळ चुकली तर पुढचा आठवडा कसा जाईल हे सोलापुरात कोणाला सांगावे लागत नाही. कोणी बाजार समितीतल्या कांद्याच्या दरांचा आलेख काढते. कोणी मराठी शुद्धलेखन तपासण्यासाठी शब्दसंग्रह जमवते. यांतले बरेचसे प्रकल्प अर्धवट राहतात, हेही खरे आहे आणि त्यात काही बिघडत नाही.

एक प्रकल्प मी जवळून पाहिला आहे. माझा एक मित्र पुण्यातल्या एका कंपनीसाठी विम्याच्या दाव्यांचे सॉफ्टवेअर लिहितो आणि राहतो सोलापुरात. त्याच्या मामांचे अशोक चौकाच्या पलीकडे चार यंत्रमाग आहेत. सोलापुरी चादरीवरची नक्षी जेकार्डवर, म्हणजे ताण्याचे धागे हवे तसे उचलणाऱ्या मागावरच्या यंत्रणेवर, विणली जाते आणि त्यासाठी चित्र आधी चौकटींच्या कागदावर उतरवावे लागते. उभ्या रांगा ताण्याच्या, आडव्या ओळी बाण्याच्या. चौकट रंगवली असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, कोरी असेल तेथे तो खाली राहतो. मोराचे एक पीस या पद्धतीने उतरवायला जाणकार माणसाचेही दिवसच्या दिवस जातात. या कामासाठी तयार सॉफ्टवेअर बाजारात मिळते, पण ज्याचे चार माग आहेत त्याने त्यासाठी पैसे मोजावेत असा तो व्यवहार नाही. मित्राने रात्री बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. छायाचित्र घ्यायचे, त्यातले रंग दोन-तीनवर आणायचे आणि मागावरच्या धाग्यांच्या हिशेबाने त्याच्या चौकटी पाडायच्या.

पडद्यावर मोर झकास दिसत होता. मामांनी तो मिनिटभर पाहिला आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “एवढा लांब धागा सुटा सोडलास तर पहिल्याच धुण्यात अडकतंय बघ.” चित्रात जेथे एकाच रंगाचा मोठा पट्टा येतो तेथे धागा बराच अंतर कोठेही न गुंतता कापडावर तरंगत राहतो. असा धागा बांगडीत अडकतो, धुताना ओढला जातो आणि नक्षी उसवते. मग प्रोग्रॅमला प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक रांगेत, कापडाच्या दोन्ही बाजूंनी, सलग किती चौकटी न गुंतता जातात ते मोजायला शिकवावे लागले. मर्यादेपलीकडे गेले की मध्ये एक टाका घालायचा. टाके घातले, तर ते एकाखाली एक येऊन मोराच्या पिसाऱ्यावर नको असलेली तिरकी रेघ उमटू लागली. म्हणून टाके विखरून टाकण्याचा नियम बसवावा लागला. विम्याच्या दाव्यांचे सॉफ्टवेअर लिहून हे ज्ञान मिळत नाही आणि नुसता माग चालवूनही असा प्रोग्रॅम लिहिता येत नाही. मामा आणि भाचा एका घरात होते म्हणून ते जमले.

प्रोग्रॅम चालू लागल्यावर तो सर्वांसाठी मुक्त परवान्याखाली खुला करावा, असे मित्राच्या मनात आले. तो सरळमार्गी असल्याने त्याने आधी कंपनीला विचारले. बरेच आठवडे उत्तर आले नाही. नंतर आले ते असे की अशी परवानगी देण्याची आमच्या धोरणात तरतूद नाही. कंपनीने दावा ठोकला नाही, प्रोग्रॅम मागूनही घेतला नाही. विम्याच्या कंपनीला चादरीच्या नक्षीचे करायचे काय? पण तो प्रोग्रॅम आज मामांच्या एका संगणकावर पडून आहे आणि शेजारच्या गल्लीतल्या मागवाल्याला तो देण्याची मित्राची हिंमत होत नाही. या कलमाचा खरा परिणाम असा असतो. ज्या गोष्टीचा कंपनीला काडीचा उपयोग नाही, ती इतरांनाही मिळत नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो, हे पाहिले तर थोडे आश्चर्य वाटते, कारण मूळ कायदा या कलमाइतका हावरा नाही. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ च्या १७ व्या कलमानुसार नोकरीच्या कराराखाली, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक नियोक्ता, म्हणजे नोकरी देणारा, असतो, वेगळा करार नसेल तर. संगणकाच्या प्रोग्रॅमला साहित्यकृतीचे संरक्षण देणारी दुरुस्ती १९८४ साली झाली, तेव्हापासून हेच तत्त्व प्रोग्रॅमलाही लागू आहे. ‘नोकरीचा भाग म्हणून’ ही अट महत्त्वाची आहे. विम्याचे सॉफ्टवेअर लिहिण्यासाठी नेमलेल्या माणसाने रात्री चादरीची नक्षी उतरवणे हा त्याच्या नोकरीचा भाग कोणत्याही सरळ अर्थाने ठरत नाही. म्हणजे कायद्याने जे कर्मचाऱ्याचे आहे तेच कंपनी करारातून मागून घेते.

असे मागून घेण्यावरही कायद्याने काही बंधने घातली आहेत. भविष्यात निर्माण होणाऱ्या कृतीचे हक्क आधी लिहून देता येतात, पण ते हस्तांतरण कृती अस्तित्वात आल्यावरच अमलात येते, असे १८ वे कलम सांगते. १९ व्या कलमानुसार हस्तांतरणाच्या लेखात कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदतीसाठी आणि कोणत्या प्रदेशापुरते हे नमूद असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. ‘तू जे काही करशील ते सगळे’ या शब्दांनी एखादी कृती नेमकी ओळखता येते का, असा प्रश्न एखादा चांगला वकील उभा करू शकेल. भारतीय करार कायदा, १८७२ च्या २७ व्या कलमाकडेही तो बोट दाखवेल, कारण कायदेशीर व्यवसाय करण्यापासून कोणालाही रोखणारा करार त्या मर्यादेत निरर्थक ठरतो. अर्थात नोकरी चालू असताना घातलेल्या वाजवी बंधनांना न्यायालये मान्यता देत आली आहेत, त्यामुळे या मुद्द्याचा निकाल काय लागेल हे गृहीत धरता येत नाही.

पण हा सगळा युक्तिवाद करायचा कोठे? वाद झाल्यास तो बंगळुरूच्या किंवा गुरुग्रामच्या न्यायालयातच चालेल, अशीही एक ओळ अशा करारांत असते. सोलापूरच्या मुलाने चादरीच्या एका प्रोग्रॅमसाठी तेथे वकील लावायचा, तारखांना जायचे आणि त्याच वेळी त्याच कंपनीत नोकरी टिकवायची, हे होणे नाही. हक्क कायद्यात असेलही. तो मागण्याचा खर्च हक्काच्या किमतीपेक्षा मोठा आहे. म्हणूनच न्यायालये काय ते ठरवतील, असे म्हणून हा प्रश्न सोडून देता येत नाही. या विषयात न्यायालयापर्यंत पोहोचणारे फार थोडे आणि भीतीने गप्प राहणारे पुष्कळ, अशी स्थिती आहे.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी, कारण तिच्यात तथ्य आहे. विम्याचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने रात्री घरी बसून विम्याचेच दुसरे सॉफ्टवेअर लिहिले, तर दिवसा कळलेले रात्री कामाला येणार, हे उघड आहे. तेथे कंपनीचा दावा रास्त आहे आणि मी सुचवत असलेल्या तरतुदीत अशा कामाला संरक्षण नाही. दुसरा मुद्दा गुंतवणूकदारांचा. कंपनी विकली जाते किंवा तिच्यात कोणी पैसा घालते, तेव्हा तिच्या सॉफ्टवेअरची प्रत्येक ओळ तिच्याच मालकीची आहे ना, हे तपासले जाते. उद्या एखादा माजी कर्मचारी ‘हा भाग माझा’ म्हणून उभा राहिला तर व्यवहार अडतो. ही चिंता खोटी नाही, पण तिच्यावरचा उपाय कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये काय शिरते यावर लक्ष ठेवणे हा आहे. कर्मचाऱ्याच्या घरातून काय बाहेर पडते, याच्याशी तिचा संबंध नाही.

तिसरा मुद्दा दुसऱ्या नोकरीचा. २०२२ साली एका मोठ्या आयटी कंपनीने एकाच वेळी प्रतिस्पर्ध्यांकडेही काम करणाऱ्या सुमारे ३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकले, तेव्हा यावर देशभर चर्चा झाली आणि त्या चर्चेत छंद आणि चोरटी नोकरी यांची सरमिसळ झाली ती अजून निस्तरलेली नाही. दोन कंपन्यांना एकच तास विकणे हा लबाडीचा व्यवहार आहे. रात्री दहानंतर मामाच्या मागासाठी काही लिहिणाऱ्याने कोणालाही दोनदा तास विकलेला नाही. थकवा येतो, दुसऱ्या दिवशी कामावर परिणाम होतो, असे म्हणाल तर रात्री दोनपर्यंत क्रिकेट पाहणाऱ्याच्या धावसंख्येवर कंपनी मालकी सांगत नाही.

मग रेषा कोठे ओढायची? सोलापूरच्या विणकरीत याचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. व्यापाऱ्याने सूत दिले आणि विणकराने मजुरीवर विणून दिले, तर कापड व्यापाऱ्याचे. विणकराने स्वतःच्या पैशाने सूत आणून स्वतःच्या मागावर विणले, तर कापड त्याचे. दोन्ही कापडे एकाच विणकराच्या हातची असतात, कसब एकच असते, पण त्या कसबावर व्यापारी हक्क सांगत नाही. सॉफ्टवेअरमध्येही सूत कोणाचे आणि माग कोणाचा, एवढेच विचारले तरी बहुतेक प्रकरणे सुटतात.

अडचण अशी की घरून काम करण्याने सूत आणि माग दोन्हींची सरमिसळ झाली आहे. गिरण्यांच्या काळात भोंगा वाजला की पाळी संपली, हे साऱ्या गावाला ऐकू येत असे. लॅपटॉपला भोंगा नाही. रात्री साडेअकराला ‘जरा बघतोस का’ असा निरोप येतो आणि अर्धा तास कंपनीचा होतो. मात्र या सरमिसळीचा फायदा नेहमी एकाच बाजूने घ्यायचा, म्हणजे काम असेल तेव्हा रात्रही कंपनीची आणि छंद असेल तेव्हाही रात्र कंपनीचीच, हे न्यायाचे नाही. येथे छंद जोपासणाऱ्यानेही शिस्त पाळली पाहिजे, आणि आपली मंडळी यात ढिली आहेत असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर स्वतःचा प्रकल्प चालवायचा, कंपनीच्या ईमेलवर त्याचे खाते उघडायचे, दुपारच्या कंटाळवाण्या मिटिंगमध्ये कॅमेरा बंद करून त्यातली चूक दुरुस्त करायची आणि मग तो ‘माझा’ म्हणायचा, हे चालणार नाही. यात अलीकडे एक नवी भर पडली आहे. प्रोग्रॅम लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचे शुल्क कंपनी भरते आणि तेच खाते रात्री घरच्या प्रकल्पासाठी वापरले जाते. असे करणाऱ्याने व्यापाऱ्याचे सूत वापरले आहे. जुना का होईना, स्वतःचा वेगळा संगणक आणि स्वतःच्या पैशाने घेतलेली वेगळी खाती, एवढे तरी त्याने केलेच पाहिजे.

नियोक्त्याच्या उदारपणावर विसंबले तर काय बिघडते, असा प्रश्न येईल, आणि त्यासाठी पायथन या प्रोग्रॅम लिहिण्याच्या भाषेचा इतिहास पाहण्यासारखा आहे. गिडो व्हान रॉसम हे ॲमस्टरडॅममधल्या गणित आणि संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत नोकरीला होते. डिसेंबर १९८९ मध्ये नाताळच्या सुट्टीत ऑफिस बंद, घरी संगणक आहे, म्हणून हाताला काही काम असावे अशा हिशेबाने त्यांनी ही भाषा लिहायला घेतली. १९९१ साली ती जगापुढे आली. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांवर प्रताधिकाराच्या ओळीत नाव आहे ते त्या संस्थेमागच्या प्रतिष्ठानाचे. त्या प्रतिष्ठानाने ती कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येईल अशा परवान्याखाली मोकळी केली आणि आज आपल्याकडचा महाविद्यालयीन विद्यार्थीही पहिला धडा अनेकदा त्याच भाषेत गिरवतो. नफा-तोट्याचा हिशेब ठेवणाऱ्या कंपनीने हेच केले असते, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. ॲपल कंपनीच्या पहिल्या संगणकाची रचना करताना स्टीव्ह वॉझनियॅक ह्यूलेट-पॅकार्डमध्ये नोकरी करत होते आणि त्यांनाही आधी आपल्या कंपनीला विचारावे लागले. कंपनीने नको म्हटले म्हणून पुढचे घडले. दोन्ही वेळा मालकाचा कल अनुकूल पडला. जेथे तो पडला नाही तेथे काय विझले, याची नोंद कोठेच सापडणार नाही.

दुसऱ्या देशांनी हा प्रश्न नशिबावर सोडलेला नाही. कॅलिफोर्नियाने १९७९ साली कामगार संहितेत २८७० वे कलम आणले. स्वतःच्या वेळेत, नियोक्त्याची साधने किंवा व्यापारी गुपिते न वापरता केलेला शोध कर्मचाऱ्याचा राहतो. नियोक्त्याच्या व्यवसायाशी किंवा त्याच्या नियोजित संशोधनाशी संबंध असलेल्या किंवा त्याच्याकडच्या कामातून निपजलेल्या शोधांना एवढाच अपवाद. याच्या विरुद्ध जाणारी अट करारात असली तरी ती लागू होत नाही. सॉफ्टवेअरचा सारा व्यवसाय ज्या राज्यात फोफावला तेथलाच हा कायदा आहे, तेव्हा अशा तरतुदीने उद्योग बुडतो हा युक्तिवाद कोणी करू नये. जर्मनीत कर्मचाऱ्यांच्या शोधांविषयीचा स्वतंत्र कायदा १९५७ सालचा, म्हणजे आपल्या प्रताधिकार कायद्याच्याच वर्षीचा. त्यात नोकरीतून आलेला शोध आणि स्वतंत्र शोध यांत भेद केला आहे आणि स्वतंत्र शोधाची माहिती नियोक्त्याला देण्याचे कर्तव्यही घातले आहे. ब्रिटनच्या १९७७ च्या पेटंट कायद्यात कर्मचाऱ्याचे हक्क कमी करणारी करारातील अट तेवढ्यापुरती अमान्य ठरते. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात कर्मचाऱ्यांच्या शोधांविषयी अशी स्वतंत्र व्यवस्था नाही.

महाराष्ट्राला यात काही करता येईल का? प्रताधिकार हा केंद्राच्या सूचीतला विषय आहे, पण करार आणि कामगार कल्याण हे समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येईल अशा विषयांत, आहेत. राज्यात दुकाने आणि आस्थापनांसाठी २०१७ चा कायदा आहे आणि ठरावीक संख्येहून अधिक कामगार असलेल्या आयटी कंपन्या त्याच्या कक्षेत येतात. त्यात नोकरीच्या करारातील या अटीपुरती तरतूद घालता येईल; केंद्रीय कायद्याशी विसंगती येते असे वाटल्यास राष्ट्रपतींची संमती घेण्याचा मार्ग राज्यघटनेच्या २५४ व्या अनुच्छेदात आहे. सर्वांत स्वच्छ मार्ग अर्थातच १७ व्या कलमात संसदेने दुरुस्ती करण्याचा. पण प्रताधिकार कायद्याची मोठी दुरुस्ती २०१२ नंतर झालेली नाही, आणि तोवर थांबायचे कारण नाही.

तरतुदीत तीन गोष्टी असाव्यात. स्वतःचा वेळ, स्वतःची साधने आणि व्यवसायाशी असंबद्ध विषय या कसोट्यांवर उतरणारे काम कर्मचाऱ्याचे, ही पहिली. रुजू होताना ही गोष्ट कर्मचाऱ्याला समजेल अशा भाषेत, महाराष्ट्रात मराठीतही, लेखी कळवण्याचे बंधन कंपनीवर, ही दुसरी. तिसरी माझ्या मते सर्वांत उपयोगी आहे. एखादे काम या कसोट्यांवर उतरते की नाही याविषयी शंका असल्यास कर्मचाऱ्याने कंपनीला लेखी विचारावे आणि कंपनीने तीस दिवसांत सकारण उत्तर द्यावे. न दिल्यास काम कर्मचाऱ्याचे समजावे. माझ्या मित्राच्या बाबतीत नकारापेक्षा आधीच्या मौनानेच जास्त नुकसान केले, कारण त्या काळात त्याने प्रोग्रॅमला हातही लावला नाही.

कायदा होईपर्यंत एक छोटी गोष्ट प्रत्येकाच्या हातात आहे. बऱ्याच करारांच्या शेवटी एक तक्ता असतो, ज्यात कर्मचाऱ्याने रुजू होण्यापूर्वी केलेली स्वतःची कामे लिहायची असतात, म्हणजे ती कंपनीच्या दाव्यातून वगळली जातात. बहुतेक जण तेथे ‘लागू नाही’ असे लिहून मोकळे होतात. महाविद्यालयात केलेला प्रकल्प, अर्धवट राहिलेला शब्दसंग्रह, हौदातला खटका, जे काही असेल ते त्या तक्त्यात नावानिशी आणि तारखेसह लिहावे आणि कंपनीची सही असलेली प्रत स्वतःजवळ ठेवावी. महाविद्यालयांत मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्यांनी हा तक्ता भरायला शिकवण्यासाठी एक तास राखून ठेवायला हरकत नाही.